चिमटेकाकांचा मोकळा काठ

आमच्या तळ्याकाठच्या गल्लीत चिमटेकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे त्यांच्या बाह्यांना, खिशाच्या कडेला, कधी कधी कॉलरलासुद्धा लावलेले असतात. माझ्या वर्गातल्या मुलांनी त्यावरून हे नाव पाडलं आणि हळूहळू ते मोठ्यांच्याही तोंडी बसलं. नाव मूळचं मीच सुचवलं असा काकांचा संशय आहे. तो खरा नाही, पण तो खोडून काढायच्या भानगडीत मी कधी पडले नाही. काकांचा एक संशय काढून टाकला की त्या जागी दुसरा येऊन बसतो. त्यापेक्षा ओळखीचा बरा.

काकांची लाँड्री आहे. पायवाटेला लागून इस्त्रीची खोली, तिच्यामागे भट्टीची खोली आणि बाजूला एक अरुंद बोळ, ज्यात पिळलेल्या चादरींच्या टोपल्या एकीला एक टेकून ठेवलेल्या असतात. वरच्या मजल्यावर राहायच्या खोल्या. इस्पितळाच्या आणि दोन-तीन लॉजच्या चादरी त्यांच्याकडे येतात. आलेली चादर ते आधी उजेडाकडे धरून पाहतात, मग हुंगतात, मग काकूंना हुंगायला देतात. लॉजचा मॅनेजर घरच्या चादरी लॉजच्या गठ्ठ्यात घुसवतो, हा त्यांचा जुना संशय. साबणवाला पोत्याच्या तळाला हलका माल भरतो, हा दुसरा. आभाळ अगदी स्वच्छ असलं की ते जास्तच अस्वस्थ होतात. एवढं स्वच्छ कशासाठी, असं पुटपुटत पलीकडच्या टेकडीकडे पाहत राहतात, जणू ढग तिच्यामागे दबा धरून बसले आहेत.

काकूंचा स्वभाव अगदी उलट. त्यांना सगळं जग भलं वाटतं आणि त्यामुळे दुकानाचं नुकसान होतं, असं काकांचं मत. काकू एकदा मला हसत हसत म्हणाल्या, 'ह्यांना आरशात स्वतःचं तोंड दिसलं तरी विचारतील, तू कुणाचा माणूस?'

माणूस पारखायची काकांची एक रीत होती. मोठ्या चादरीची घडी एकट्याला घालता येत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, एकमेकांकडे चालत यायचं, पुन्हा मागे जायचं. काका समोरच्याच्या हातात टोक देत आणि बोलता बोलता अचानक हिसका मारून ओढत. टोक हातात राहिलं तर माणूस ठीक. सुटलं तर संपलं. कामाला आलेल्या पोरी, नवा गाडीवाला, इतकंच काय, एकदा विम्याचा एजंट, सगळे या परीक्षेला बसलेले. मीही बसले आहे. पास झाले की नाही, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

त्यांची एकुलती मुलगी माझी विद्यार्थिनी. तिने आपलं लग्न आपणच ठरवलं आणि एका दुपारी मुलाला घरी आणलं. मुलगा नियोजन कार्यालयात नकाशे काढायच्या कामावर. काकांनी त्याला ना शिक्षण विचारलं ना घरदार. सरळ मागे नेलं, हातात इस्पितळाच्या चादरीचं टोक दिलं आणि त्याला तळ्यावरचं बदक दाखवता दाखवता हिसका मारला. चादर चिखलात पडली. काकू पोट धरून हसल्या, मुलगी लाजेने लाल झाली. काका हसले नाहीत. संध्याकाळी पायवाटेवर भेटले तेव्हा मला म्हणाले, 'मुलगा चांगला आहे, बाई. पण सोडतो.'

लग्न झालं, नात झाली, जावई दर रविवारी येऊन चादरींच्या घड्यांना हात लावू लागला. टोक पुन्हा कधी सुटलं नाही. पण 'सोडतो' हा शेरा काकांच्या मनात तसाच राहिला.

आता त्या काठाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

पायवाटेच्या खालचा, पाण्यापर्यंतचा गवताचा पट्टा कुणा एकाचा नाही. तो काठावरच्या सगळ्या घरांचा सामाईक. काकांच्या वडिलांच्या काळात या घरांनी आपसात ठरवलं होतं की दिवसा ज्याला जे काम असेल ते त्याने काठावर करावं, पण संध्याकाळी काठ मोकळा करून द्यावा. एखाद्याने खांब रात्रभर ठेवला तर तो उद्याही राहील, परवा त्याला कुंपण येईल आणि वर्षाने तो माणूस म्हणेल की ही जागा पहिल्यापासून माझीच. ही भीती सगळ्यांना सगळ्यांबद्दल होती. म्हणजे नियम दिसायला शिष्टाचाराचा, पण मूळ त्याचं संशयात. म्हणूनच की काय, काका तो सगळ्यांत निष्ठेने पाळत. त्यांनी जमिनीत लोखंडी नळ्या पुरल्या होत्या. सकाळी त्यांत खांब रोवायचे, दोऱ्या ताणायच्या, चादरी घालायच्या. ऊन उतरलं की चादरी काढायच्या, दोऱ्या गुंडाळायच्या, खांब उपसून बोळात न्यायचे, नळ्यांना झाकणं लावायची आणि झाकणांवर गवताचे तुकडे बसवायचे. शेजारचा कुलूपवाला दिवसभर उन्हात बाकड्यावर बसून कुलपं दुरुस्त करी. तोही बाकडं उचलून घरात नेई. पुढची घरंही तसंच करत. तिन्हीसांजेला काठाकडे पाहिलं तर दिवसभर तिथे इतकी माणसं राबत होती हे सांगूनही खरं वाटलं नसतं.

काकांना आयुष्यात अभिमान वाटावा अशी ही एकच गोष्ट. पाहुणा आला, वाटसरू आला, कुणीही आलं की ते त्याला चहा देत आणि पायवाटेवर नेऊन काठ दाखवत. 'संध्याकाळी या,' ते म्हणत, 'एक काडी दिसणार नाही.' हे वाक्य गल्लीतल्या लहान मुलांनाही पाठ होतं. पलीकडच्या काठावर दुसरं गाव. तिथले होडीवाले आपल्या होड्या दिवसरात्र काठावर पालथ्या टाकून ठेवत, फुटक्यासुद्धा. त्या पसाऱ्याकडे पाहून काका नाक मुरडत.

तर या दोन गावांनी मिळून तळ्याभोवतीच्या जमिनीचा एकच आराखडा करायचा ठरवलं. घरं कमी पडत होती, जो तो काठाला चिकटायला बघत होता, आणि दोन कार्यालयं दोन तऱ्हेच्या परवानग्या देत होती. तेव्हा कुठे घरं व्हावीत, कुठे झाडं राहावीत, कुठला काठ मोकळा असावा, हे एकदाच ठरावं हा विचार. विचार वाईट नव्हता. पण आराखडा व्हायच्या आधीच गल्लीत कुजबुज सुरू झाली. पलीकडच्यांना आपल्या खिडकीतून तळं हवंय, म्हणून घरं सगळी आपल्या माथी मारणार, असं आमच्याकडचे म्हणत. पलीकडचे नेमकं हेच आमच्याबद्दल म्हणत, हे मला मागाहून कळलं.

शेवटी आराखड्याचा मसुदा वाचनालयाच्या भिंतीवर लागला. घरांना पिवळा रंग, झाडांना हिरवा. लोक नाक भिंतीला लावून आपापलं घर शोधत होते. काका आधी दुरून पाहत होते, मग गर्दीतून पुढे सरकले. पलीकडच्या काठावर 'होड्या ठेवण्याची जागा' असं लिहून तो पट्टा हिरवा सोडला होता. आमच्या काठावर, बरोबर काकांच्या खांबांच्या जागी, 'वापरात नसलेली जमीन' असं होतं आणि त्यावर पिवळा रंग. तीन मजली घरांची एक रांग, पाण्यापासून थोडी आत.

काकांनी तो शब्द बोटाने पुसून पाहिला. छापलेला होता, पुसला जाणार नव्हता.

वाळवायची जागा गेली तर लाँड्री बंद, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. इस्पितळ चादरी काकांकडे पाठवायचं ते उन्हात वाळतात म्हणूनच. यंत्रं घ्यावीत तर ती ठेवायला खोल्यांत जागा नाही, आणि चादरींच्या रांगा टाकायला दुसरीकडे मैदान नाही. हरकती नोंदवायला मुदत होती, मग सुनावणी. काकांनी हरकत त्याच दिवशी दिली. पण त्यांच्या डोक्यात हरकत नव्हती. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चादरींनी भरलेली जागा रिकामी आहे, हे त्या लोकांना कुणीतरी सांगितलं असलं पाहिजे. कुणी?

आधी संशय कुलूपवाल्यावर गेला. त्याचं घर आराखड्यात जसंच्या तसं होतं, बाकडं गेलं तरी त्याचं पोट दुकानावर चालत होतं, आणि नवी घरं म्हणजे नवी कुलपं. कुलूपवाल्याने बाकड्यावरून मान वर न करता सांगितलं की हे काम बाहेरच्याचं नाही, आतल्या कुणाचं तरी आहे. काकांनी ते ऐकलं आणि संशय घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले की कुलूपवाल्याला 'आतलं' काय ते कसं माहीत, याचाही विचार करायला हवा. मग त्यांनी मला विचारलं की मी वाचनालयात नकाशा पाहायला दुसऱ्यांदा का गेले होते. मी सांगितलं, पहिल्यांदा चष्मा विसरले होते. ते 'हं' म्हणाले. त्या 'हं'मध्ये मी बरेच दिवस राहिले.

पण आतलं म्हटल्यावर शेवटी एकच माणूस उरत होता. नियोजन कार्यालयात नकाशे काढणारा, दर रविवारी याच घरात जेवणारा. काका एकेक गोष्ट आठवू लागले. एका रविवारी जावई नातीला घेऊन काठावर उगाच येरझाऱ्या घालत होता. म्हणजे पावलांनी मापत होता. एकदा त्याने विचारलं होतं की खांब साधारण कधी काढता. एकदा त्याने नातीचा फोटो काढला, त्यात मागे सगळा काठ आला होता. मुलीने तो तिच्या घरी भिंतीवर लावला होता, काकांनी तो पाहिला होता. जगातला कोणताही बाप आपल्या मुलीचा फोटो काढतो, असं काकू म्हणाल्या. काका म्हणाले, बाप काढतो, पण मागचा काठ कशाला काढतो?

त्या रविवारी जावई आला तेव्हा मी उसवलेली उशीची खोळ घेऊन तिथे गेले होते. काका मागच्या बाजूला एकटेच चादरीची घडी घालत होते. भिंतीत त्यांनी एक हूक ठोकला होता, त्यात एक टोक अडकवायचं आणि दुसरं आपण धरायचं. जावयाने नेहमीप्रमाणे हात पुढे केला. काकांनी त्याच्या हाताला वळसा घालून टोक हुकात अडकवलं.

'हूक बरा,' ते म्हणाले. 'ओढून धरतो आणि बाहेर जाऊन काही सांगत नाही.'

जावयाचा चेहरा उतरला. तो सावकाश म्हणाला, 'बाबा, सुनावणी होईपर्यंत मला ह्या पट्ट्याबद्दल घरात बोलायची मनाई आहे.'

'आधी बोलता येत नव्हतं. आता बोलता येत नाही. नंतर बोलायला काही राहणार नाही. बरी नोकरी आहे, जावईबापू.'

मुलगी दारात उभी होती. मी तिला वर्गात कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, 'बाबा, तुम्ही त्याला विचारत नाही आहात. तुम्ही त्याला पकडायला बघताय.' ती नातीचा हात धरून निघाली, जावई तिच्या मागून. काकू फाटकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. त्यांनी हुकातलं टोक काढलं आणि स्वतः धरलं. काकांनी हिसका मारला नाही. एवढ्या एका चादरीची त्या दिवशी विनाचौकशी घडी झाली.

पुढचे रविवार कुणी आलं नाही.

सुनावणीच्या आदल्या दुपारी काका माझ्याकडे आले. बोलायचं काय ते त्यांना माझ्यासमोर म्हणून पाहायचं होतं. खुर्चीवर न बसता उभेच राहिले, शर्टाच्या बाहीचे चिमटे काढून खिशात घातले. सुरुवात चांगली होती. उन्हाबद्दल बोलले, इस्पितळाबद्दल बोलले. मग म्हणाले की मी अधिकाऱ्यांना नाव विचारणार आहे. जागा रिकामी आहे असं कुणी सांगितलं, त्याचं नाव. सगळ्यांसमोर. मी म्हटलं, काका, नाव विचारून खांब परत उभे राहणार आहेत का? जावयाला यात ओढू नका, तिथे त्याचे साहेब असतील. ते म्हणाले, ज्याने काही केलं नाही त्याला ओढलं तर काय होतं? मी आयुष्यभर लोकांना ओढूनच पाहतो.

जाताना ते दारात थांबले आणि म्हणाले, 'बाई, तो असला तर मुलगी परत येणार नाही. आणि नसला तरी येईल की नाही कोण जाणे.' मग चिमटे पुन्हा बाहीला लावत निघून गेले.

सुनावणी वाचनालयाच्याच दालनात होती. टेबलामागे नियोजन अधिकारी, शांत, गोरटेलासा माणूस, सारखा पेनाचं टोपण काढायचा आणि लावायचा. त्याच्या शेजारी मोजणी विभागाची एक तरुण बाई. टेबलाच्या टोकाला गुंडाळलेले नकाशे मांडीवर घेऊन जावई. मुलगी मागच्या रांगेत बसली होती, काकूंच्या जवळ, पण काकांपासून दूर.

पहिल्यांदा पलीकडच्या काठाचा एक होडीवाला उठला. तुमच्याकडे होड्यांना जागा मिळाली, मग हरकत कसली, असं अधिकाऱ्याने विचारलं. होडीवाला म्हणाला, मिळाली म्हणूनच विचारायला आलोय. फुकट कुणी काही देत नाही. आमच्या होड्यांवर ह्या काठाची तीन मजली सावली पडणार आणि वारा अडणार, हे ह्यांनी मुद्दाम साधलंय. आमच्या गल्लीतले लोक एकमेकांकडे पाहू लागले. आपण इतके कावेबाज आहोत हे त्यांना प्रथमच कळत होतं.

मग काकांना बोलावलं. उन्हाबद्दल त्यांनी एक वाक्य म्हटलं, इस्पितळाबद्दल अर्धं. पुढचं सगळं बाजूला सारून ते म्हणाले, 'माझी जागा रिकामी आहे असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं. मला त्याचं नाव हवंय. इथे, सगळ्यांसमोर.' आणि त्यांनी जावयाकडे पाहिलं. दालनातल्या सगळ्यांनी पाहिलं. जावई मांडीवरच्या नकाशाची कड नखाने सरळ करत होता. त्याने मान वर केली नाही.

अधिकाऱ्याने मोजणीच्या बाईकडे पाहिलं. ती बराच वेळ काकांचा चेहरा न्याहाळत होती. मग उभी राहिली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, 'काका, तुम्हीच सांगितलंत.'

कुणाला काही कळेना. तिने सांगितलं ते असं. मोजणीची माणसं त्या दिवशी तळ्याच्या दलदलीच्या टोकाकडून निघाली होती. चिखलात पाय अडकत होते, त्यामुळे या काठाला पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. गार वारा सुटला होता. लाँड्रीतून एका गृहस्थांनी हाक मारली आणि सगळ्यांना चहा दिला. तिने विचारलं, हा पट्टा कुणाचा? ते म्हणाले, कुणाचा नाही. तिने विचारलं, इथे कुणाचं काही आहे का? त्यांनी तिला पायवाटेवर नेलं, हात फिरवून सगळा काठ दाखवला आणि म्हणाले...

तिला पुढचं म्हणायची गरज पडली नाही. मागच्या बाकांवरून कुणीतरी हळूच म्हणालं, 'एक काडी दिसणार नाही.' आणि दालनात हसू पसरलं. त्यात वाईटपणा नव्हता, पण काकांना ते लागलं असणार.

मी काकांकडे पाहत होते. त्यांना नाकारता आलं असतं. चहा कुणालाही देतो, कोण ही बाई, मी हिला ओळखत नाही, असं म्हटलं असतं तर तिच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. आणि त्यांच्या डोक्यात तोही विचार आलाच. त्यांचे डोळे बारीक झाले, हा नवा डाव तर नाही, हे ते तपासत होते. त्यांनी तिला विचारलं, 'तुमच्या बुटात चिखल होता?'

'गुडघ्यापर्यंत. तुम्ही मला पाय पुसायला जुनी चादर दिलीत. टोकाला शिवण असलेली.'

काका म्हणाले, 'मग मीच.'

एवढंच म्हणून ते खाली बसायला लागले. अधिकाऱ्याने त्यांना थांबवलं. पण बोलली मोजणीची बाईच. ती म्हणाली की यात तिचीही चूक आहे, तिने दिवसा पुन्हा यायला हवं होतं. कार्यालयात एकाने तसं सांगितलंही होतं, की हा काठ दिवसा पाहा. पण सांगणारा त्या घरचा जावई, सासऱ्याची बाजू घेतोय असं सगळ्यांना वाटलं. उलट त्या पट्ट्याचा नकाशाच त्याच्या हातून काढून घेतला आणि घरी त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही अशी ताकीद दिली.

आता काकांनी जावयाकडे पाहिलं नाही. ते समोर भिंतीवरच्या पिवळ्या रंगाकडे पाहत म्हणाले, 'साहेब, मोकळं ठेवणं आणि मोकळं असणं ह्यात फरक आहे. तो मी तिला सांगितला नाही, कारण तो कुणाला सांगावा लागेल असं मला वाटलं नाही. तुम्ही दिवसा या. मी चहा देणार नाही.'

पुन्हा हसू आलं, आणि या वेळी अधिकारीही हसला. पेनाचं टोपण लावून म्हणाला, येतो.

तो आला तेव्हा ऊन चांगलं होतं आणि वारा त्याहून चांगला. काकांनी मुद्दाम काही केलं नाही. त्या दिवशीच्या चादरी त्या दिवशी वाळत घातल्या. अधिकारी रांगांमधून वाकून, चादरी बाजूला सारत चालत गेला आणि एकदा तर आत कुठेतरी हरवला. त्याचे फक्त बूट दिसत होते. कुलूपवाला बाकड्यावर होता, पुढच्या घरची म्हातारी गाद्यांचा कापूस पिंजत होती. पाण्याच्या कडेला उभा राहून अधिकाऱ्याने वर गल्लीकडे पाहिलं, मग पलीकडे होड्यांकडे. होडीवाला तिकडून कपाळाला हात लावून इकडे पाहत होता.

नवा आराखडा लागायला बरेच दिवस गेले. पट्टा हिरवा झाला, त्यावर 'सामाईक काठ, दिवसाच्या कामांसाठी' असे शब्द आले. घरं पायवाटेच्या वर, उताराच्या मागच्या बाजूला गेली, आणि दोन मजल्यांवर थांबली. होडीवाल्याचा वारा वाचला. काका नकाशासमोर बराच वेळ उभे होते. त्या घरांच्या गच्च्या काठाकडे होत्या. काका म्हणाले, ह्या गच्च्यांवर माणसं येतील, चहा पीत बसतील, आणि एक दिवस म्हणतील की समोर चादरी चांगल्या दिसत नाहीत. त्यांचा हा संशय मात्र मला पटला. तो मी त्यांना बोलूनही दाखवला, तर त्यांनी मी असं का म्हणते याबद्दल संशयाने पाहिलं.

पण कार्यालयाने एक अट घातली होती. वापर आहे हे केव्हाही दिसलं पाहिजे, म्हणून काहीतरी खूण काठावर कायम राहू द्या. यावर गल्लीत जे रामायण झालं ते सांगत बसत नाही. काकांनी दोन खांब रात्री राहू द्यायचे ठरवले, तर कुलूपवाला म्हणाला, आज खांब, उद्या भिंत. मग त्यानेही बाकडं ठेवलं. बाकडं ठेवल्यावर म्हातारीने गादी ठेवायची खाट ठेवली, आणि तिच्या पुढच्या घराने, त्यांचं काठावर काहीच काम नसताना, एक रिकामी कुंडी. आता तिन्हीसांजेला काठ मोकळा नसतो. बाकडं खांबांकडे सरकलंय का, हे पाहायला काका रोज संध्याकाळी फेरी मारतात. कुलूपवाला खांबांसाठी फेरी मारतो. वाटेत भेटले की दोघं हवेबद्दल बोलतात.

'एक काडी दिसणार नाही' हे वाक्य काकांनी पुन्हा कुणाला म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

मुलगी परत आली ती आराखडा लागल्यानंतरच्या रविवारी. मी फाटकाशी होते. नात धावत आत गेली, काकू तिच्या मागे. जावई मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला, हात मागे बांधून. काका टोपलीतून इस्पितळाची मोठी चादर काढत होते. त्यांनी हुकाकडे पाहिलं, मग चादरीकडे. माफी वगैरे शब्द त्यांच्याकडे नव्हते आणि कुणी त्यांची वाटही पाहत नव्हतं.

'टोक धरा, जावईबापू,' ते म्हणाले.

जावयाने टोक घेतलं. पण लगेच धरलं नाही. ते उजेडाकडे नेऊन पाहिलं, शिवण चाचपली, मनगटाभोवती एक वेढा घेतला. मग पाय रोवून उभा राहिला आणि विचारलं, 'ओढून बघणार ना?'

'बघणारच,' काका म्हणाले, आणि ओढलं.